आत्याबाईंचं डाळिंब, माझी गुटी

माझ्या सासरच्या शेतात विहिरीपासून धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, जाणाऱ्या पायवाटेच्या कडेनं डाळिंबाची सात झाडं होती. सातही एकाच झाडाच्या बियांची. सख्ख्या बहिणींत इतका फरक मी माणसांतसुद्धा पाहिलेला नाही. पहिलीचं फळ लिंबापेक्षा थोडं मोठं आणि इतकं आंबट की दाणा तोंडात टाकला की एक डोळा आपोआप मिटायचा. दुसरीचं फळ दिसायला देखणं, पण आत दाणे फिकट आणि बी अशी टणक की दातांचं काही खरं नाही. तिसरी फुलांनी लालभडक व्हायची आणि सगळी फुलं गाळून मोकळी व्हायची. चौथीचं फळ पिकायच्या आधीच उकलायचं आणि मुंग्यांचं व्हायचं. पाचवी म्हणायला गोड होती, पण ती गोडी पाणचट. सहावीबद्दल चांगलं बोलायचं तर तिचे काटे फार धारदार होते. सातवीला अजून फळ लागलेलं नव्हतं आणि सगळ्या घराचं लक्ष तिच्याकडे होतं.

घराचं म्हणजे आत्याबाईंचं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा मी लग्न होऊन पिंपळगाव राजाच्या बाजूच्या या गावात आले. घरात मामंजी, आमचे हे आणि आत्याबाई. पुरुष दोघंही शेतात राबणारे आणि कमी बोलणारे. त्या दोघांच्या वाटचं सगळं बोलणं आत्याबाई एकट्या बोलायच्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, आवाज असा की विहिरीवरून हाक मारली तर गावठाणात ऐकू यावी. पन्नाशीतच दात गेलेले, पण जिभेला धार होती. गावातली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातची. अडलेल्या बाईच्या घरून बोलावणं आलं की हातातली भाकरी तव्यावर टाकून निघायच्या, आणि ती भाकरी जळली की बोलणी मला बसायची.

मीही काही गरीब गाय नव्हते. माझ्या नाकावर राग असतो, अजूनही असतो. त्यामुळे पहिल्या वर्षी आमच्या घरात दोन आवाज झाले आणि मामंजी जेवण झालं की लगेच गोठ्याकडे निघून जायला लागले.

ज्या झाडाच्या बियांची ती सात झाडं, ते झाड विहिरीच्या काठावर होतं. त्याची गोष्ट आत्याबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितली, आणि नंतर दर महिन्याला सांगितली. लग्नानंतर त्यांची दोन लेकरं जन्मताच गेली. तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा त्यांच्या आईनं माहेरच्या झाडाचं एक डाळिंब पाठवलं. ते त्यांनी खाल्लं, आणि ते लेकरू जगलं. ते लेकरू म्हणजे आमचे हे. त्या फळातल्या काही बिया त्यांनी राखेत घोळवून विहिरीकाठी टोचल्या होत्या. उगवली त्यातली बाकीची गुरांनी खाल्ली, एक राहिलं, आणि ते असं निघालं की माहेरचं झाडही त्याच्यापुढे काही नव्हतं. फळ मध्यम, साल पातळ, दाणा गर्द, आणि बी इतकी मऊ की बोळक्या तोंडानंही चावता यावी. विहिरीचं पाणी मुळाशी असल्यामुळे बाराही महिने झाडावर चार-दोन फळं असायचीच.

गावात कुणाला दिवस गेले की तिसऱ्या महिन्यात आत्याबाई त्या झाडाचं एक फळ ओच्यात घालून तिच्या दारात उभ्या राहायच्या. फळ स्वतःच्या हातानं फोडायचं, अर्धं त्या पोरीला बसवून खायला घालायचं, उरलेलं अर्धं तिच्या घरात जे कोणी असेल त्यांना. यात जातपात, भांडण, धुऱ्याचा वाद काही मध्ये यायचं नाही. चांगलं फळ त्यांनी स्वतःसाठी फोडलेलं मी कधी पाहिलं नाही. पोपटानं टोचलेलं नाहीतर उकललेलं असलं, तेवढं त्यांचं.

मी आले त्याच वर्षी झाड खालावायला लागलं. खोडात अळी शिरली होती. बुडाशी भुसा पडायचा. आत्याबाईंनी भोकांत रॉकेलचे बोळे घातले, चिखल लिंपला, पण एक फांदी वाळली की दुसरीची पानं पिवळी पडायची. कुणीही सांगितलं असतं की दोन-तीन वर्षांचं काम आहे. आत्याबाईंना आता एकच पाहिजे होतं: हे झाड जायच्या आत त्याच चवीचं दुसरं झाड उभं राहावं. त्यांच्या हिशेबी ते सोपं होतं. गोड फळाची बी लावली की गोड झाड येणार. एकदा आलं होतं की! म्हणून तर त्यांनी आधीची सात लावली होती, दर दोन वर्षांनी एक-एक, सगळ्यांत चांगलं फळ निवडून. आणि प्रत्येक झाडाला फळ यायला चार-पाच वर्षं वाट पाहिली होती.

ती आंबट निघाली म्हणून त्यांनी एकीलाही तोडलं नव्हतं. पहिलीची साल वाळवून त्या पोट बिघडलेल्या लेकरांना उगाळून द्यायच्या. सहावीचे फाटे कुंपणाला. तिसरीच्या फुलांचं कौतुक करायच्या. मी नावं ठेवली की म्हणायच्या, "सगळ्याच पोरी कामाले येतेत व. तू नाई का आली?"

सातवीला फळ लागलं ते माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. एकच. आत्याबाईंनी त्याला जुन्या धोतराचं फडकं बांधलं. आमच्याकडे चांगल्या फळाला असं फडकं बांधतातच, खारी आणि पोपट ठेवत नाहीत म्हणून. फळ उतरवलं त्या दिवशी मामंजींनासुद्धा ओट्यावर बसवून घेतलं. फळ फोडलं. रंग चांगला होता. आत्याबाईंनी चार दाणे तोंडात टाकले आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. बराच वेळ त्यांचं तोंड हलत होतं. मग त्यांनी हळूच सगळं हातावर काढलं.

"पयलं फळ हाय," त्या म्हणाल्या. "पयलं आंबटच असते."

त्या संध्याकाळी त्या विहिरीवर जाऊन जुन्या झाडाच्या बुडाशी बसल्या. मी पाण्याला गेले तर मला म्हणाल्या, "आता लावली त पाच वर्सं लागतीन. तवर मी असन का?" त्यांच्या आवाजात इतका थकवा मी पहिल्यांदा ऐकला. मला गलबलून आलं, आणि गलबललं की माझ्या तोंडून उपाय निघतो.

माझे बाबा डोणगावच्या एका बागेवर कामाला होते. संत्र्याची कलमं आणि डाळिंबाची गुटी बांधण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. लहानपणी मी त्यांच्या मागे दोऱ्याचं रीळ धरून हिंडलेली. गुटी म्हणजे फार काही नाही. पावसाळ्यात वर्षाची झालेली, बोरूच्या जाडीची फांदी बघायची. तिची दोन बोटं रुंद साल गोल काढून टाकायची. आतला बुळबुळीत थर खरवडायचा. त्या जागेवर माती, शेणखत आणि नारळाच्या शेंड्यांचा ओला गोळा थापायचा आणि फडक्यानं घट्ट बांधून ओला ठेवायचा. सव्वा-दीड महिन्यात फांदीला तिथं मुळं फुटतात. ती कापून लावली की जसं आईचं झाड तसंच हे. बाबा सांगायचे की बी म्हणजे दोन घरांचा संसार, त्यात कोण कुणावर जाईल ते देवालाच माहीत. गुटी म्हणजे त्याच झाडाचा हात. शिवाय फळही लवकर. हे सगळं मी आत्याबाईंना तिथंच, पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन, सांगून टाकलं.

त्या उठूनच उभ्या राहिल्या. "साल सोलतं म्हनतं? जित्या झाडाची?"

"दोनच बोटं आत्याबाई. त्याले काही होत नाही."

"लेकुरवाळीले लोखंड लावतं कोनी? फळ हाय तिच्या अंगावर! तुह्या बापाच्या गावाले लावत असतीन. आमच्यात फळावरच्या झाडाले इळा नाई लावत."

हे खरं होतं. त्या घरात फळ असलेल्या झाडाची वाळकी फांदीसुद्धा हातानं मोडायचे, विळा लावायचे नाहीत. आणि हे झाड तर बाराही महिने फळावर. म्हणजे त्याला हात लावायला मुहूर्तच नाही. मी वाद घातला, त्यांनी माझ्या बापाच्या गावाचा उद्धार केला, मी हंडा आपटला. दोन दिवस घरात भांडी जरा जोरात वाजली.

आषाढात पावसानं चांगला जोर धरला तेव्हा मी ठरवलं, विचारायचंच नाही. त्या एका बाळंतिणीकडे गेल्या होत्या. मी बाबांनी दिलेला छोटा चाकू घेतला, विहिरीवर गेले आणि तीन गुट्या बांधल्या. झाडावर सहा-सात फळांना फडकी बांधलेली होतीच. त्यांत आणखी तीन कुणाच्या लक्षात येणार, असा माझा हिशेब. पण पाणी धरून ठेवील असं जाड कापड घरात एकच होतं: आमच्या ह्यांच्या मोडक्या छत्रीचं. काळं. मी ते फाडलं, आत माती, शेण आणि नारळाच्या शेंड्या कोंबल्या, वरून सुतळी आवळली. दोन गुट्या हाताच्या उंचीवर आणि तिसरी विहिरीच्या तोंडावर झुकलेल्या फांदीला. बांधून झाल्यावर मी लांबून बघितलं आणि स्वतःवर खूश झाले. आपण काय करून ठेवलंय हे मला दिसलंच नाही.

दहाव्या दिवशी सकाळी भाकरी थापताना बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला. आवाज घरातून नव्हता, शेजारच्या अंगणातून होता. शेजारी त्यांची चुलत जाऊ राहायची. त्या दोघींचं धुऱ्यावरून जुनं होतं. मी पिठाच्या हातानं बाहेर आले तर निम्मी आळी जमलेली. आत्याबाईंच्या हातात चुलीचा चिमटा, चिमट्यात माझी एक गुटी, फाटलेली, आतून शेंड्या लोंबत होत्या. तेव्हा माझी ट्यूब पेटली. काळं फडकं, केसांसारख्या शेंड्या, शेण आणि सुतळीच्या सात गाठी. ही तर करणीच! मी माझ्या हातानं झाडावर करणी बांधली होती.

"माह्या झाडानं तुह्यं काय वाकडं केलं व?" आत्याबाई ओरडत होत्या. "म्हनूनच वायून राह्यलं माह्यं झाड! दोन-दोन गाठोडी! एक पेटवलं म्या नदीवर, हे घे दुसरं, तुह्यं तुले!"

"म्या कायले बांधू?" चुलत सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. "तुह्या झाडाकडे पाह्याले टाइम हाय का मले? माह्या सुनेले तूच त डायिंब चारलं व मागच्या साली, इसरली का?"

करणीचा आळ साधा नसतो. गावात एकदा नाव पडलं की त्या बाईच्या हातचं पाणीही लोक घेत नाहीत. त्या भांडखोर होत्या, पण एवढं त्यांच्या वाट्याला यावं असं त्यांनी काहीच केलेलं नव्हतं. मी गर्दीत घुसले.

"आत्याबाई, थे म्या बांधलं!"

आत्याबाईंच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"तू?"

"हाव, मी! करनी नाई थे, गुटी हाय!" आणि मग मला जो राग आला, स्वतःचा, त्यांचा, छत्रीचा, तो सगळा बाहेर पडला. "साल काढली, माती भरली, शेन भरलं, शेंड्या भरल्या! महिनाभर ओलं ठिवलं त मुया फुटल्या असत्या! वरतून गाडगं टांगून थेंब-थेंब पानी द्या लागते, थे चोरून जमलं नाई म्हनून रोज लोट्यानं घातलं! तीन बांधल्या होत्या. दोन तुमी मोडल्या. तिसरी इहिरीच्या तोंडावर हाय, जा, थेही मोडा! मंग लावा बिया आन बसा पाच वर्सं वाट पाहत!"

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. बोलल्या क्षणी मला ते कळलं. आत्याबाईंचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या कानाखाली मारली असावी. त्यांनी चिमटा खाली ठेवला. जावेकडे वळून म्हणाल्या, "चुकलं माह्यं, बाई," आणि घरात गेल्या.

पुढचे चार आठवडे त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलायच्या त्या गाईशी, मला ऐकू जाईल अशा. "गाये, आज भाजीत मीठ जास्त झालं बरं." "गाये, माह्या घरात चोर शिरला होता बरं." गाय बिचारी ऐकून घ्यायची. मी रडायचे, मग चिडायचे, मग पुन्हा रडायचे. आमच्या ह्यांना म्हटलं, मला माहेरी सोडा. ते म्हणाले, पाऊस आहे. एवढं त्यांचं सांत्वन.

विहिरीवर जायची माझी छाती होत नव्हती; पाणीही मी गावातल्या आडावरून आणायचे. तिसरी गुटी मोडली असणार हे मी धरूनच चालले होते. मग एक दिवस मामंजींना न्याहारी द्यायला गेले आणि दिसलं: विहिरीच्या तोंडावर, त्या फांदीच्या वर, एक गाडगं टांगलेलं. गाडग्याच्या बुडाला भोक, भोकात कापसाची वात, आणि वातीतून थेंब-थेंब पाणी खाली माझ्या काळ्या गाठोड्यावर पडत होतं. महादेवाच्या पिंडीवर गळती असते तसं. रागाच्या भरात मी आळीसमोर सगळी कृतीच सांगून टाकली होती, आणि त्या बाईनं त्यातला शब्दन् शब्द ध्यानात ठेवला होता.

मी मामंजींकडे बघितलं. ते भाकरीकडे बघत म्हणाले, "रोज भरते ती. तुले सांगू नको म्हनलं हाय."

पोळ्याला दोन दिवस राहिले असताना सकाळीच आत्याबाईंची हाक आली. गाईला नाही, मला. "इकडे ये व."

मी धावतच विहिरीवर गेले. त्या काठावर बसून फांदी जवळ ओढून धरून होत्या. फडक्याच्या शिवणीतून पांढरं, सुतासारखं काही बाहेर आलं होतं. एक नाही, चार-पाच. आत्याबाईंनी बोटाच्या टोकानं गाठोडं चाचपलं. त्यांची ती बोटं मी बायकांच्या पोटावरून फिरताना पाहिली होती, तशीच ती आता फिरत होती, हलकी आणि जाणती.

"पोट धरलं व हिनं," त्या म्हणाल्या. डोळे भरलेले. "हे पोट हाय. तू मले पोट हाय म्हनून सांगतलं असतं त म्या नाई कायले म्हनलं असतं? तू साल सोलतो म्हनली."

खरंच, मी चाकूचंच सांगितलं होतं.

"आता काय करा लागते?"

"आता कापा लागते," मी घाबरतच म्हटलं. "पन एकदम नाई. आज गाठोड्याच्या खालून अर्धं कापायचं. आठ दिसानं पुरं. एकदम कापलं त थे जगत नाही, बाबा म्हनत."

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी त्यांना आजवरचं सगळ्यांत शहाणपणाचं काही सांगितलं असावं. "बरोबर हाय तुह्या बापाचं. लेकरू भाईर आल्या आल्या नाळ कापत नसतात. धडधड थांबू द्या लागते."

माझ्या हातातला चाकू त्यांनी घेतलाच नाही. घरी जाऊन स्वतःचं पातं आणलं, बाळंतपणाचं, उकळत्या पाण्यातून काढलेलं. फळावरच्या झाडाला लोखंड न लावणारी ती बाई फांदीपाशी उभी राहिली, झाडाच्या खोडावर डावा हात ठेवला आणि म्हणाली, "दुखन थोडं. मंग मोकयी होशीन माय." आणि एका घावात बरोबर अर्धी फांदी कापली. इतका सफाईदार काप बाबांनाही जमला नसता. आठ दिवसांनी उरलेली अर्धी कापली. जुन्या झाडाच्या जखमेवर शेण आणि हळद लावली. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मला गूळ घालून चहा करून दिला. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्यासाठी चूल फुंकली.

रोप आधी मडक्यात सावलीला, दिवाळीनंतर जमिनीत. आणि मग त्याच्या पायी आमच्या घरानं जे सोसलं ते विचारू नका. बीचं झाड खाली खोल मूळ सोडतं, त्याची काळजी करावी लागत नाही. गुटीच्या झाडाला ते सोटमूळ नसतं, त्याची मुळं वरच्यावर पसरतात. वारा सुटला की ते कलायचं. आत्याबाईंनी त्याला तीन काठ्यांचा आधार दिला. उन्हाळ्यात दिवसाआड पाणी. पुढे मोठा दुष्काळ पडला तेव्हाही वाटेवरच्या त्या साती जणी पाण्याच्या थेंबाविना हिरव्या राहिल्या आणि या लाडकीला मात्र आम्ही प्यायच्या पाण्यातलं पाणी घातलं. तेव्हापासून मी त्या आंबट झाडांना नावं ठेवणं सोडलं.

जुनं झाड पुढच्याच वैशाखात वाळलं. आत्याबाईंनी ते पाऊस पडेपर्यंत तोडू दिलं नाही. गावातल्या तीन पोरी त्या वर्षात गरोदर होत्या, आणि आत्याबाई त्यांच्या दारात बाजारातलं फळ घेऊन गेल्या. खामगावहून आणलेलं.

दुसऱ्या वर्षीच गुटीच्या झाडाला फुलं आली. बाबांचा निरोप होता की पहिली फुलं तोडून टाका, झाडाला ताकद धरू द्या. आत्याबाई एक-एक फूल खुडत होत्या आणि प्रत्येक फुलाला काहीतरी म्हणत होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी चार फळं धरली. आळीतल्या बायका म्हणायच्या, फांदीच्या झाडाचं फळ फिकं निघतं. आत्याबाई त्यांच्यावर खेकसायच्या, पण घरी आल्यावर मला विचारायच्या, "सातवीवानी फसवलं त?" मी म्हणायचे, नाही फसवणार. मलाही खात्री नव्हती. चारांतलं एक पोपटानं नेलं, एक खारीनं, एकात अळी निघाली. उरलं एक.

ते उतरवलं तेव्हा मार्गशीर्ष होता आणि मला तिसरा महिना. दुपारी आम्ही दोघीच ओट्यावर बसलो होतो. मला सकाळपासून काही पोटात ठरत नव्हतं, आणि डोळ्यांपुढे फक्त ते डाळिंब होतं. आत्याबाईंनी ते ओच्यातून काढलं, दोन्ही अंगठे लावून फोडलं. दाणे गर्द लाल. माझ्या तोंडाला इतकं पाणी सुटलं की मी गिळत राहिले.

"थांब," त्या म्हणाल्या. "आंबट निंघालं त पोटुशीले कसं देऊ?" आणि एक दाणा तोंडात टाकला.

त्यांनी डोळे मिटले. तोंड हललं, थांबलं, पुन्हा हललं. आणखी एक दाणा टाकला. मग चार. मग अर्धं फळ तोंडाशी नेलं. हनुवटीवरून रस ओघळत होता, लुगड्यावर डाग पडत होते, बी बाहेर काढायचं नाव नाही. गावभर फळं वाटत फिरलेल्या या बाईला आपल्यासाठी फोडलेलं फळ खाताना मी पहिल्यांदा बघत होते. पहिलं अर्धं संपलं. त्यांचा हात दुसऱ्या अर्ध्याकडे गेला. त्यावर माझा हक्क होता, गावाच्या रीतीनं आणि माझ्या पोटातल्या जिवाच्या रीतीनंही. माझ्या नाकावरचा राग सगळ्या गावाला माहीत. पण मी हूं की चूं केलं नाही. मला ती बाई त्या वेळी इतकी आवडली की तिच्या हातून ते फळ कुणी ओढून घेतलं असतं तर मी त्याचा हात मोडला असता.

शेवटचा दाणा संपला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. हातातल्या रिकाम्या सालीकडे बघितलं. मग माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे. आणि रसानं माखलेला हात कपाळावर मारून म्हणाल्या, "अव माय! तुले ठिवलंच नाई म्या!"